निम्मी किल्ली

‘परवानगी नाही.’ लॅपटॉपवर चौथ्यांदा तेच उमटलं. शिलानं कपाळाला हात लावला. पुण्याच्या ऑफिसात एवढ्या वेळात तिनं दहा जणांचे लॅपटॉप जोडून दिले असते.

काम ते केवढं! तिचे वडील, म्हणजे बापू, प्रेमदास गुरुजी आणि औंढ्याचे शंकरसिंग गुरुजी मिळून तांड्याच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा बोलीचे शब्द जमवत होते. सगळी यादी इंटरनेटवर, शंकरसिंगांच्या ‘गिट’ नावाच्या साठवणीच्या खात्यात. प्रेमदास आपले शब्द पेन ड्राइव्हमध्ये घालून दर आठवडी बाजाराला जवळ्याला न्यायचे आणि तिथं शंकरसिंगांच्या हाती द्यायचे. मागच्या खेपेला जीपमधून उतरताना पडले, गुडघा सुजला. शिलाला हे कायमचं मिटवायचं होतं. बापूंच्या लॅपटॉपची किल्ली, म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ, शंकरकाकांनी खात्यात जोडली की शब्द घरबसल्या पोचणार. मग जीप नको न् बाजार नको.

‘बापू, काकांना किल्ली पाठवली ना?’

‘व्हय, बराबर पाठवली.’ बापू आरशासमोर भांग पाडत होते. आज बाजार होता.

काकाही फोनवर म्हणाले होते, ‘लावली, लावली.’

तीस वर्षं दोघं एका शाळेवर होते. एकाच सायकलवर, पाळीपाळीनं पायडल मारत जायचे. बाजाराच्या दिवशी लिंबाखालच्या हॉटेलात भज्यांची बशी मधे ठेवून, बैलाच्या पाठीवरच्या गोणीला आजा काय म्हणायचा, यावर तासभर भांडायचे. छोटी शिला तेवढ्यात बशी रिकामी करायची. फार चांगले दिवस होते ते.

तिनं बापूंचा मोबाईल उघडला. किल्ली गेली होती, पण निम्मीच. उरलेली ओळ बापूंनी सरळ पुसली होती. शिलानं अंगणात जाऊन काकांना फोन लावला.

‘काका, किल्ली निम्मीच आली, तुमच्या ध्यानात कसं नाही आलं?’

काकांनी आवाज खाली आणला.

‘ध्यानात कसं येईल बाई? म्या ती लावलीच न्हाई. प्रेमदासला सांगू नको.’

शिला आत आली. तिनं लॅपटॉप मिटला.

‘न्हाई होऊन राहिलं बापू. चला, मी गाडीवर नेते.’

‘मग काय, जावंच लागंल,’ बापू कुरकुरले.

शिला टेबलावर पेन ड्राइव्ह शोधू लागली. तो सकाळपासून बापूंच्या खिशात होता.