काठोकाठ पेग

विद्यापीठातली मुलं किती दारू पितात, हे मोजायला संशोधक बाई जळगावच्या वसतिगृहात ग्लास आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आल्या. “एका पेगला जेवढी ओतता, तेवढं पाणी ओता,” म्हणाल्या. मित्रांसमोर कमीपणा नको, म्हणून लोकेशने ग्लास काठोकाठ भरला. “एवढा पेग?” बाई दचकल्या. “हो, रोज एवढाच घेतो.” नेमके तेव्हाच दोंडाईचाहून त्याचे आईवडील दारात पोचले. “शिक्षण बंद! दुकानात बस!” वडील गरजले. ग्लास बघून आईला मात्र हसू आवरेना. “लिहू नका बाई, पोऱ्यानी दारू देखेलबी नही! पाव्हण्याला पाणी द्यावं तसा भरलाय. याना बाप दोन बोटं ओतस, मग गिलास उजेडमा धरीसन देखस, मग अजून अर्धं बोट!” सगळे वडिलांकडे वळले. वडिलांनी घसा खाकरला आणि शिक्षणाला तत्काळ मंजुरी दिली.