आधी सगळ्या गप्प

"शिरेतून दिलेलं हे औषध अंगभर फिरतं, कानांनाही इजा करू शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "आता औषधाचे विरघळणारे मणी बाळाच्या मांडीच्या हाडातच ठेवू. जंतू तिथंच आहेत."

पाय बरा झाला. पण आधी शिरेतून गेलेल्या औषधाची धास्ती सरेना. हिला ऐकू येतं ना?

लांबलेल्या बारशाला नाव सांगायला वन्सं पाळण्यात वाकल्या. त्यांच्या पाठीत धपाटे घालायला बायका सरसावल्या.

"थांबा गं! आधी सगळ्या गप्प," मी म्हटलं. "वन्सं, जरा लांबूनच, हळू म्हणा."

"अगं, कुर्र कधी हळू करतात का?" तरी त्या पुटपुटल्या, "कुर्रर्र... शर्वाणी."

बाळ छताकडेच बघत राहिलं. मग हळूच मान वळली, थेट आत्याकडे.

पहिला धपाटा मीच घातला. जरा जोरातच.