ड्रास्टिकली

“टी इज ड्रास्टिकली हॉट,” मास्तरीणबाई ठणकावून म्हणाल्या आणि कप मास्तरांच्या पुढ्यात ठेवला.

मास्तरांनी डोळे गच्च मिटले. उभा जन्म पोरांना इंग्रजी शिकवलेला माणूस. अर्धांगाचा झटका आला आणि तोंडाला कुलूप लागलं. बोलायला शिकवणारी थेरपिस्ट रोज घोडा, छत्री, सफरचंद अशी चित्रं दाखवायची. मास्तर भिंतीकडे तोंड फिरवायचे. आज तिनं चित्रं पिशवीत भरली ती कायमचीच.

“काकू, माझ्याकडून होतं ते सगळं करून झालं,” ती म्हणाली.

हे ऐकून बाईंनी कंबर कसली. नवऱ्याचं दुखणं त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? या माणसाला उपाशी ठेवा, चालेल. चुकीचं इंग्रजी कानावर पडलेलं चालायचं नाही. त्यापायी बाईंनी इतकी बोलणी खाल्ली होती, की इंग्रजीचं नावच टाकलं होतं. आज मात्र चहा टाकता टाकता नातीकडून एक जड शब्द मुद्दाम मागून घेतला होता. अर्थ विचारलाच नव्हता.

“विंडो इज ड्रास्टिकली ओपन.”

मास्तरांची भुवई हलली.

“काकू, त्यांना त्रास होतोय हो.”

“होऊ दे. व्हायलाच हवा.” बाई मास्तरांच्या कानाशी वाकल्या. “यू आर ड्रास्टिकली माय हजबंड!”

मास्तर लालबुंद झाले. त्यांनी धड हाताची मूठ खुर्चीवर आपटली.

“चू... चूक!”

थेरपिस्टच्या हातून पिशवी गळून पडली. बाईंना हुंदका फुटला, पण त्या मागे हटल्या नाहीत. तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यावी.

“मग बरोबर काय? सांगा की!”

“बदल... लागतो.” जड पोतं ओढावं तसा एकेक शब्द येत होता. “मोठा... बदल. तरच... ड्रास्टि... कली.” मास्तरांना धाप लागली, तरी त्यांनी वर्गातल्यासारखं बोट रोखलंच. “यात... बदल... कुठाय?”

बाईंनी डोळे पुसले, कमरेवर हात ठेवले आणि संसारात पहिल्यांदाच मास्तरांना उलट उत्तर दिलं.

“हा काय, माझ्यावर ओरडतोय!”