मागचा पाय

"पुन्हा पडलीस. नापास!" परीक्षा घेणारा तोरगेइर वरूनच ओरडला.

"बर्फ फार कडक आहे," रूना अंग झटकत म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

तेलेमार्कच्या डोंगरातल्या बचाव पथकात यायचं, तर आधी यंत्राने बर्फ दाबून कडक केलेल्या उतारावर, टाच मोकळी राहणाऱ्या स्कीवर न पडता वीस वळणं घ्यावी लागत. रूनाची सात झाली. मागच्या ईस्टरला तिचा भाऊ याच डोंगरात पाच तास अडकला होता, म्हणून तिला पथकात यायचं होतं. तोरगेइरला त्याचं काय! रूना मूळची स्नोबोर्डवाली, आणि स्नोबोर्डला तो फळकूट म्हणायचा. त्यावर बाजूला वळून उभ्या राहून घसरणाऱ्या पोरी त्याच्या लेखी डोंगरात सहलीला येत.

"आता जखमींना खाली नेण्याचा सराव. स्लेजमध्ये जखमी म्हणून आडवी हो," तो म्हणाला. "नापासांचं वजन तरी कामी येतं."

त्या घसरगाडीच्या पुढच्या दांड्या ओनुंदने धरल्या. तोरगेइरचा भाचा, शर्यती मारलेला गडी, वीसपैकी वीस. मागचा दोर तोरगेइरने धरला.

माथ्यापलीकडे मांडीएवढा भुसभुशीत बर्फ होता. तिसऱ्याच वळणाला ओनुंदने सगळा भार पुढच्या पायावर टाकला. स्कीची टोकं खाली घुसली आणि गडी तोंडावर पालथा. गुडघा पिरगळला.

सोडला तर स्लेज दरीत जाईल, म्हणून तोरगेइरला दोर सोडता येईना. रूनाने पट्टे सोडले, ओनुंदला स्लेजमध्ये बांधलं, स्लेजवर बांधलेल्या आपल्या स्की चढवल्या आणि दांड्या धरल्या.

"तू? तिघांनाही दरीत घालशील!"

ती निघाली. एकेक वळण लोण्यातून सुरी जावी तसं. ओनुंद कण्हायचाही थांबला.

अर्ध्या उतारावर तोरगेइरने विचारलं, "मागच्या पायावर असं बसायला कुणी शिकवलं तुला?"

"फळकुटाने. मऊ बर्फात मागचा पाय दाबला नाही, तर त्याचं नाक घुसतं. तुझ्या दाबलेल्या बर्फावर ते कळायचंच नाही."

खाली पोचल्यावर तो गुरकावला, "शनिवारी सहाला हजर राहा. उशीर चालणार नाही."

ती गेल्यावर त्याने परीक्षेची वही काढली आणि मागची पानं उलटत गेला. तीस वर्षांत एकाही फळकुटवाल्याला त्याने मऊ बर्फापर्यंत येऊच दिलं नव्हतं.