किनाऱ्यावरचा डाव

"अहो, असे वाऱ्यात उभे राहू नका. मफलर तरी घ्या," अनसूया म्हणाली.

व्यंकटरावांनी हसून मान हलवली आणि गोल्फचा चेंडू मारला. तो उंच गेला, समुद्रावरच्या वाऱ्यानं त्याला उजवीकडं ढकललं आणि पार वाळूच्या खड्ड्यात नेऊन टाकलं.

"गेला," ते म्हणाले आणि पुढं चालू लागले.

अनसूया त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. घरी साधा कॅरमचा डाव हरले तरी हे गृहस्थ जेवताना बोलायचे नाहीत. आज त्यांना त्या चेंडूचं काहीच वाटलं नाही. माणूस आतून सुटत चालला की असंच होत असेल, तिला वाटलं.

व्यंकटरावांची सगळी उमर छत्रपती संभाजीनगरच्या एका कारखान्यात गेली. परदेशी पाहुण्यांना खेळायला नेता नेता त्यांनाच गोल्फची गोडी लागली. टीव्हीवर समुद्रकाठचं मैदान दिसलं की ते म्हणायचे, "खरा खेळ तिथला. झाड नाही, आडोसा नाही, नुसतं गवत, वाळू अन् वारा. एकदा जाऊ आपण." अनसूया दरवेळी कारण काढायची. कधी लेकीची परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं, कधी नुसतेच पापड. केस पांढरे झाले तरी दोघंच असं कुठं जाणं झालंच नव्हतं.

मग उन्हाळ्यात दोघांच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला मुलगा, शंतनू, एकटाच गेला. परत आला तो आईला गच्चीवर घेऊन गेला आणि वाळत घातलेल्या चादरींच्या आड लहान पोरासारखा रडला. बाबांच्या रक्तात दोष निघाला होता. औषधांनी दिवस थोडे लांबतील, एवढंच.

"सांगायचं का गं बाबांना?" त्यानं विचारलं.

"खबरदार!" अनसूया म्हणाली. "माझ्या ताईला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. त्या दिवशी तिनं अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. दुखण्यानं नाही रे, धास्तीनं गेली ती. यांना कळता कामा नये."

गोळ्यांचा प्रश्न सुनेनं, मनस्विनीनं सोडवला. "आई, बाबांसोबत तुम्हीपण घेत जा. दोघांना ताकदीच्या दिल्यात म्हणू. एकट्यालाच दिल्या तर त्यांना संशय येईल."

तेव्हापासून रोज सकाळी नवराबायको समोरासमोर बसून गोळ्या घेत. त्या ताकदीच्या गोळ्या अनसूयाला सोसत नव्हत्या. तोंड कडू पडायचं, अन्न जायचं नाही. पण तिनं चकार शब्द काढला नाही. त्यांच्या जिवापुढं हे काय मोठं?

आणि एक दिवस ती आपण होऊन म्हणाली, "समुद्राकाठी खेळायला जायचं होतं ना तुम्हाला? चला, जाऊ."

व्यंकटराव तिच्याकडं बघत राहिले. मग तोंड धुवायला म्हणून उठले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

अशी दोघं कोकणातल्या या रिसॉर्टवर आली होती.

"आता तू मार," व्यंकटराव म्हणाले.

"मी? अन् साडीत?"

"साडीला काय झालं? पदर खोच."

एरवी तिनं ऐकलं नसतं. पण आता त्यांना नाही म्हणायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिनं पदर खोचला. शहागंजच्या बाजारातून घेतलेले नवे कॅनव्हासचे बूट गवतात घट्ट रोवले. व्यंकटरावांनी मागं उभं राहून तिच्या हातांवर हात ठेवले. काठी फिरली, चेंडू तिथंच राहिला आणि मातीचं ढेकूळ उडालं. दुसऱ्या खेपेला काठीच हातातून निसटली. अनसूयाला हसू फुटलं. ती खाली बसून, तोंडाला पदर लावून हसत राहिली. लांबचे खेळणारे वळून बघायला लागले, तरी तिला थांबता येईना.

पुढच्या चढावर तिला दम लागला. "चढ लई आहे हो," ती म्हणाली. व्यंकटराव जाऊन मैदानावरची छोटी गाडी घेऊन आले.

"तुम्ही बसा. मी चालते हळूहळू."

"दोघं बसू," ते म्हणाले.

शेवटच्या हिरवळीवर त्यांचा चेंडू भोकाच्या अगदी जवळ येऊन थांबला होता. त्यांनी काठी तिच्या हातात दिली.

"अहो, तुमचा डाव आहे."

"मार तू."

तिनं मारला. चेंडू काठाशी जरा घुटमळला आणि आत पडला. अनसूयानं टाळ्या वाजवल्या, वळून पाहिलं, तर व्यंकटरावांचे डोळे भरून आले होते.

"वाळू गेली," ते म्हणाले.

तिनं विश्वास बसल्यासारखं दाखवलं. चारचौघांत तिनं कधी नवऱ्याचा हात धरला नव्हता. तो तिनं आता धरला. देवा, यांना अजून एक उन्हाळा दे, ती मनात म्हणाली. आणि तोंडानं म्हणाली, "पुढच्या वर्षी परत येऊ."

"येऊ की," व्यंकटराव म्हणाले. आवाज जड होता.

त्यांना बाकावर बसवून, उठू नका असं बजावून ती चहा आणायला गेली. दोन्ही हातांत कप सांभाळत परतली, तेव्हा ते समुद्राकडं तोंड करून शंतनूशी फोनवर बोलत होते. लाटांच्या आवाजामुळं त्यांनी आवाज चढवला होता. आज कसं खेळलो ते सांगत असतील, असं वाटून अनसूया हसत मागंच थांबली.

"आज हसली रे ती. पोट धरधरून हसली," ते सांगत होते. मग पलीकडून शंतनूनं काहीतरी विचारलं. "नाही, अजून नाही कळलं तिला. तिला वाटतंय, दुखणं माझंच आहे."