एका ओळीची अट

बाबांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम जगाला फुकट वाटला होता. अट एकच: वापरा, विका, पण माझं नाव पुसू नका.

“कंपन्या अटी वाचत नाहीत, बाबा,” रविवारी भांडी पुसताना लेक म्हणाली.

“म्हणून तर एका ओळीत आटोपली. तुझ्या साहेबालासुद्धा झेपेल.”

दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

महिन्याभरात तिच्याच कंपनीने तो प्रोग्राम विक्रीला काढला. बाबांचं नाव पुसलेलं, आणि वर तंबी: ‘नक्कल केल्यास कारवाई’. तिने अट दाखवली, तर साहेब हसले. “अहो, तो म्हातारा वारला म्हणे. आता जाब विचारायला कोण येतंय?”

आपण कोणाची मुलगी, हे तिने ऑफिसात कधीच सांगितलं नव्हतं.

 

“मी आलेय, साहेब. ते माझे बाबा.”