लाल चिंधी

डॉक्टरांनी मेलेल्या करडाची श्वासनलिका उभी चिरली आणि आत चिमट्याने काहीतरी धरलं. पांढरा दोरा. ओढला तसा लांबत गेला. बाहेर आल्यावर वळवळला.

(गोठ्यातून खोकला.)

"फुप्फुसातले जंत," डॉक्टर म्हणाले. चरायला कुठे नेता, विचारलं.

माळावर, नवरा म्हणाला. कोरड्या. ऊन चढल्यावर. करडांचं सगळं हीच बघते. एखादं जरा मलूल झालं की हिच्या घशाखाली घास उतरत नाही. सासू ओट्यावर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, आम्ही अंथरूण धरलं तरी एवढं कौतुक होत नाही बाई.

ती हसली नाही. पदर बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

(खोकला. दुसऱ्याचा.)

कोरड्या माळावर हे होत नाही, डॉक्टर म्हणाले. लेंड्यांतून अळ्या पडतात, ओल्या गवतावर चढून बसतात. दवात चरलेलं भोवतं. मोठ्या शेळ्या निभावून नेतात, करडं नाही.

मग आमच्याकडचं नव्हेच, नवरा म्हणाला. दवात कोण मरायला नेतंय?

पहाटे. ती न्यायची, घर उठायच्या आधी. ओढ्याकाठचं लुसलुशीत गवत, तेही फक्त अशक्तांना. दिवसा धडधाकट करडं ढुशा मारून त्यांना गवताला तोंड लावू देत नाहीत, म्हणून. आणि अंधारात भलतंच हाती लागू नये म्हणून त्यांच्या गळ्यात एकेक...

डॉक्टर हात धुऊन उठले. औषध सगळ्यांना, पण खोकणाऱ्यांना सुई आत्ताच. ती आधी वेगळी काढा. उशीर केलात तर तीही याच्या वाटेने जातील.

नवरा गोठ्याच्या दाराला कान लावून उभा राहिला. कोण खोकतंय कळेना. एक थांबलं की दुसरं. हे का ते, ते का हे.

"कान कशाला लावताय," ती म्हणाली. "गळे बघा. लाल चिंधी असेल ती काढा."

नवरा वळला. ओट्यावर सासूचं निवडणं थांबलं.

ती गोठ्यात शिरली, वाकली, पहिली गाठ सोडू लागली. सुटेना. चिंधी अजून ओलसर होती.

करडांना वाटलं, निघायचं. सगळी लाल गळ्यांची तिच्याभोवती गोळा झाली, आणि खोकत, ढकलाढकली करत, तिला ओढ्याकडच्या दाराकडे रेटू लागली.